रक्ताचा दाखला

दाखला म्हणजे काय, हे आमच्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही. आजोबांच्या शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा, कोतवाल बुकाची नक्कल, १९५० पूर्वीच्या रहिवासाचा पुरावा, एवढे कागद गोळा करता करता घरातल्या कर्त्या माणसाच्या चपला झिजतात. तरी आपल्याकडे मागतात तो फार तर पणजोबापर्यंतचा पुरावा. आज आम्ही ज्या मुलुखाची हकीकत सांगणार आहोत, तेथे अख्ख्या देशांनी एकमेकांकडे चौदाशे वर्षांपूर्वीचा दाखला मागितला. तुम्ही मूळचे कोण, कुठून आलात, ही जमीन तुमची कशावरून? आणि अलीकडे हा दाखला कागदांत नव्हे, तर जमिनीतून काढलेल्या हाडांत शोधला जात आहे.

हा मुलूख म्हणजे बाल्कन. घरातल्या शाळकरी मुलामुलींनी नकाशा उघडावा. युरोपात इटलीचा बूट दिसतो, त्याच्या उजव्या अंगाला समुद्र ओलांडला की क्रोएशिया, बोस्निया, सर्बिया, मॉन्टेनेग्रो, कोसोव्हो, अल्बानिया, उत्तर मॅसिडोनिया, बल्गेरिया आणि तळाशी ग्रीस. वरच्या अंगाने डॅन्यूब ही मोठी नदी वाहते. आमच्या वडीलधाऱ्या वाचकांना यातले बरेचसे देश 'युगोस्लाव्हिया' या एकाच नावाने आठवत असतील. मार्शल टिटोंचा तो देश. १९६१ साली अलिप्त राष्ट्रांची पहिली परिषद त्याच देशाच्या राजधानीत, बेलग्रेडला भरली होती. १९९१ पासून तो देश फुटत गेला आणि फुटताना रक्ताचे पाट वाहिले.

त्या फुटीच्या मुळाशी जमीन, सत्ता, पैसा हे सगळे होतेच. पण माणसे पेटवायला वापरला तो इतिहास. १३८९ साली कोसोव्होच्या मैदानावर सर्बांची तुर्क सैन्याशी लढाई झाली होती. तिला सहाशे वर्षे झाली म्हणून २८ जून १९८९ रोजी त्याच मैदानावर स्लोबोदान मिलोशेविच यांनी अफाट गर्दीपुढे भाषण केले आणि पुढे हत्यारी लढायांचीही वेळ येऊ शकते असे सूचित केले. वेळ आली. ११ जुलै १९९५ रोजी बोस्नियातल्या स्रेब्रेनित्सा या गावात सर्ब सैन्य शिरले, तेव्हा त्यांचे सेनापती रात्को म्लादिच यांनी कॅमेऱ्यासमोर उभे राहून तुर्कांवर सूड उगवण्याची वेळ आल्याचे सांगितले. गावात तुर्क कोणीच नव्हते. होते ते बोस्नियाचे मुसलमान. म्लादिच जी भाषा बोलत तीच भाषा बोलणारे. पुढच्या काही दिवसांत आठ हजारांहून अधिक पुरुष आणि पोरगे मारले गेले. तेव्हा वाचकहो, पूर्वज कोण हा प्रश्न तेथे रिकामटेकड्यांच्या गप्पांचा नाही.

आता मूळ भांडण काय ते पाहू. बाल्कन हा कित्येक शतके रोमन साम्राज्याचा भाग होता आणि डॅन्यूब नदी ही त्याची सरहद्द. सहाव्या शतकात या नदीपलीकडून स्लाव लोकांच्या टोळ्या येऊ लागल्या. त्यांच्या जोडीला आणि पुष्कळदा त्यांच्या डोक्यावर अव्हार नावाचे घोडेस्वार होते. ५८२ साली सिरमियम हे सरहद्दीवरचे मोठे शहर अव्हारांनी घेतले. ६२६ साली त्यांनी राजधानी कॉन्स्टँटिनोपललाच वेढा घातला, तो फसला. पण तोवर स्लाव लोक खाली ग्रीसपर्यंत पसरून शेती करू लागले होते. पुढे दहाव्या शतकात सम्राट सातवा कॉन्स्टंटाईन याने आपल्या मुलासाठी राज्यकारभाराचा एक ग्रंथ तयार केला. त्यात सर्ब आणि क्रोएट हे सातव्या शतकात सम्राट हेराक्लियसच्या काळी कसे येऊन वसले याची कथा आहे. त्याच सम्राटाच्या दुसऱ्या एका ग्रंथात दक्षिण ग्रीसचा पेलोपोनीज प्रांत मोठ्या साथीनंतर स्लाव होऊन गेला, असा शेरा आहे.

हा एवढासा शेरा. पण त्यावरून पुढे जे रामायण घडले ते ऐका.

१८२१ साली ग्रीस तुर्कांविरुद्ध उठला. युरोपातले सुशिक्षित लोक ग्रीकांच्या बाजूने होते. कारण त्यांना वाटे, ही सॉक्रेटिसाची लेकरे आहेत. पैसा आला, स्वयंसेवक आले, देश स्वतंत्र झाला. आणि १८३० साली, पाळणा हलतो आहे तोच, याकोब फालमेरायर या जर्मनभाषक विद्वानाने पेलोपोनीजच्या मध्ययुगाचा इतिहास लिहून जाहीर केले की जुन्या ग्रीकांचा वंश कधीच संपला आहे. आजच्या ग्रीकांच्या अंगात त्या जुन्या रक्ताचा थेंबही नाही. हे सगळे स्लाव आणि अल्बेनियन लोकांचे वंशज आहेत. त्याच्या मनात रशियाची भीती होती. ग्रीस मोकळा झाला तर स्लाव रशियाचेच फावेल, असे त्याला वाटे. म्हणजे पुस्तक मध्ययुगाचे, पण डोळा चालू राजकारणावर.

ग्रीकांना हे किती लागले असेल याची कल्पना आमच्या वाचकांना यावी. 'तुम्ही ते नव्हेच' असे परक्याने सांगावे आणि तेही विद्वानाच्या थाटात! कॉन्स्टँटिनोस पापारिगोपुलोस या इतिहासकाराने १८४३ साली त्याला उत्तर दिले आणि पुढे ग्रीक राष्ट्राचा अनेक खंडांचा इतिहास लिहिला. त्यात प्राचीन ग्रीक, मध्ययुगातले बायझंटाईन आणि आजचे ग्रीक ही एकच अखंड माळ आहे, असे त्याने मांडले. ग्रीक शाळांतली मुले आजही मोठ्या प्रमाणात हीच माळ शिकतात. दरम्यान सरकारने अनेक गावांची स्लाव वळणाची नावे बदलून ग्रीक नावे दिली. एका बाजूला 'थेंबही नाही', दुसऱ्या बाजूला 'अखंड माळ'. मधले काही बोलायची सोयच नाही. आणि दोन्ही बाजूंकडे पुरावा तोच : चार जुन्या पोथ्या, गावांची नावे आणि कवट्यांची मापे.

मग आला डीएनए. आपल्या शरीराच्या पेशीपेशीत जो वारसा आई-बापांकडून येतो, त्याची ही लिपी. मेलेल्या माणसाच्या हाडांतही ती काही काळ टिकते. उन्हाळी प्रदेशात लवकर जाते, थंड प्रदेशात हजारो वर्षे राहते. कानाच्या आतल्या बाजूला एक फार कठीण हाड असते, त्यात ती सर्वांत चांगली टिकते असे आढळले आणि तेव्हापासून या कामाला वेग आला. मात्र बाल्कनच्या बाबतीत एक अडचण होती. सुरुवातीचे स्लाव लोक आपल्यासारखेच प्रेते जाळत. जळलेल्या हाडांतून ही लिपी वाचता येत नाही. म्हणून ज्यांच्याविषयी भांडण, नेमके तेच साक्षीला सापडत नव्हते.

आकड्यांकडे जाण्यापूर्वी थोडे घरगुती गणित करू, कारण याच ठिकाणी पुष्कळ शहाणी माणसे फसतात. तुम्हाला आई-बाप दोन, आजी-आजोबा चार, पणज्या-पणजोबा आठ. दहा पिढ्या मागे गेलात तर १,०२४ पूर्वज. आता काही तपासण्या फक्त बापाच्या बापाची, त्याच्या बापाची अशी एकच रेषा पाहतात. म्हणजे दहाव्या पिढीतल्या १,०२४ माणसांपैकी एकाची चौकशी झाली आणि १,०२३ माणसे उंबऱ्याबाहेर राहिली. त्या एकावरून 'आम्ही अमक्याचे वंशज' म्हणणे हे आपल्या आडनावाच्या अभिमानासारखेच आहे. त्यात आजीचे माहेर कोठेच येत नाही. आमच्या भगिनींनी हे ध्यानात घ्यावे.

आणखी पुढे जा. एक पिढी पंचवीस वर्षांची धरली तर तीस पिढ्या म्हणजे साडेसातशे वर्षे. इतक्या मागे पूर्वजांच्या जागा होतात १०७ कोटींहून अधिक! तेवढी माणसे तेव्हा साऱ्या पृथ्वीवर नव्हती. याचा अर्थ तेच ते पूर्वज पुन्हा पुन्हा येतात, तुमचेही आणि शेजाऱ्याचेही. स्लाव आले ते चौदाशे वर्षांपूर्वी, म्हणजे सुमारे छप्पन पिढ्या मागे. त्या काळच्या बाल्कनमध्ये ज्यांचा वंश चालला, ते थोड्याबहुत प्रमाणात आज तेथल्या जवळजवळ सगळ्यांचेच पूर्वज आहेत. सर्बांचे वेगळे आणि क्रोएटांचे वेगळे, अशी पंगत त्यांना मांडता येत नाही.

डिसेंबर २०२३ मध्ये 'सेल' या विज्ञानाच्या नियतकालिकात एक मोठे संशोधन प्रसिद्ध झाले. स्पेनचे कार्लेस लालुएझा-फॉक्स आणि अमेरिकेचे डेव्हिड राइक यांच्या गटांनी सर्बियातल्या व इतर संशोधकांबरोबर इसवी सनाच्या पहिल्या हजार वर्षांतल्या १३६ बाल्कन माणसांच्या हाडांतला डीएनए वाचला. यातली बरीच हाडे विमिनाशियम येथली. हे डॅन्यूबच्या काठी, आजच्या सर्बियातल्या कोस्तोलाकजवळ असलेले रोमन छावणीचे शहर.

पहिली गंमत ही की रोमने या मुलखावर शतकानुशतके राज्य केले, सैन्य ठेवले, रस्ते केले, भाषा दिली. पण इटलीच्या माणसांचा वारसा तेथे फार थोडा आढळला. उलट साम्राज्याच्या भरभराटीच्या काळात अनातोलियाकडून, म्हणजे आजच्या तुर्कस्तानच्या भूमीतून, पुष्कळ लोक आलेले दिसले. हे तुर्क नव्हेत. तुर्क तेथे पुढे कित्येक शतकांनी आले. राज्य एकाचे, गर्दी दुसऱ्याची. मुंबईत राहणाऱ्या माणसाला याचे नवल वाटू नये.

दुसरी गोष्ट आमच्या मनात घर करून राहिली आहे. विमिनाशियमच्या दफनभूमीत सोळा वर्षांच्या आसपासचा एक पोरगा सापडला. त्याचा सगळा वारसा पूर्व आफ्रिकेचा. त्याच्या थडग्यात गरुडाचे चित्र असलेला तेलाचा दिवा होता. गरुड हे रोमनांच्या ज्युपिटर देवाचे चिन्ह. त्याच्या दातांची परीक्षा केली तेव्हा लहानपणी तो समुद्रातले अन्न खात होता असे निघाले. विमिनाशियम तर समुद्रापासून दूर. म्हणजे तो कुठल्या तरी किनाऱ्यावर वाढला आणि डॅन्यूबच्या थंडीत येऊन मेला. सैनिक होता, व्यापाऱ्याचा मुलगा होता की गुलाम, हे हाडे सांगत नाहीत. पण कोणीतरी त्याच्या उशाशी दिवा ठेवून त्याला रीतसर पुरले, एवढे मात्र दिसते.

आता मुख्य भांडण. सुमारे २५० ते ५५० या काळात उत्तर युरोपकडचे आणि गवताळ प्रदेशातले लोक मिसळलेल्या अवस्थेत येताना दिसतात. त्यानंतर, रोमची सत्ता ढळल्यावर, पूर्व युरोपातल्या आजच्या स्लाव लोकांशी जुळणारी माणसे फार मोठ्या संख्येने आली. आजच्या बाल्कन लोकांच्या वारशात त्यांचा वाटा ३० ते ६० टक्के निघाला. उत्तरेकडे जास्त, दक्षिणेकडे कमी. एजियन समुद्रातल्या ग्रीक बेटांवर सर्वांत कमी. म्हणजे स्लाव आलेच नाहीत, फक्त भाषा पसरली, असे म्हणणारे चुकले. आणि जुने लोक संपून गेले म्हणणारेही चुकले. बरोबर ठरले ते ज्यांचे कोणी ऐकत नव्हते : आले, राहिले, लग्ने झाली. सप्टेंबर २०२५ मध्ये 'नेचर'मध्ये ५५५ जुन्या माणसांवरचे आणखी एक संशोधन आले. त्यातही सहाव्या ते आठव्या शतकातले हे स्थलांतर पक्के झाले. शिवाय आलेल्यांत नुसते तरवारबहाद्दर पुरुष नव्हते. बाया-माणसे, घरेदारे घेऊन लोक आले होते.

येथे एक खुलासा हवा. ३० ते ६० टक्के म्हणजे दहा माणसांत तीन ते सहा स्लाव आणि बाकीचे मूळनिवासी, असे नव्हे. हा प्रत्येकाच्या आतला वाटा आहे. खिचडीत डाळ किती नि तांदूळ किती हे सांगता येते; पण हा घास डाळीचा, तो तांदळाचा, असे म्हणता येत नाही.

शिवाय आकडा कशाशी तुलना केली त्यावर ठरतो. २०१७ साली पेलोपोनीजच्या २४१ माणसांची तपासणी झाली होती. त्यात निरनिराळ्या भागांत स्लाव वाटा ०.२ ते १४.४ टक्के एवढाच निघाला आणि फालमेरायर खोटा पडला म्हणून ग्रीसमध्ये आनंद झाला. ती तुलना आजच्या ग्रीकांची आजच्या स्लाव देशांतल्या माणसांशी होती. २०२३ च्या कामात तुलना जुन्या हाडांशी झाली आणि ग्रीसच्या मुख्य भूमीचा आकडा त्याहून बराच वर गेला. फालमेरायर तरीही खोटाच राहतो. पण अखंड माळेतही बरेच नवे मणी ओवले गेले आहेत.

विज्ञानाच्या नावाखाली निव्वळ थापाही चालतात, तेही सांगून ठेवतो. मॅसिडोनिया हे नाव आणि सिकंदर नेमका कोणाचा, यावरून ग्रीस आणि त्याच्या उत्तरेच्या शेजाऱ्यात वर्षानुवर्षे तंटा होता. २०१९ साली शेजाऱ्याने 'उत्तर मॅसिडोनिया' हे नाव घेतले तेव्हा कुठे तो निवळला. या तंट्याच्या ऐन भरात २००१ साली एक शोधनिबंध छापून आला : मॅसिडोनियाचे लोक भूमध्य समुद्राकाठचे जुने रहिवासी, तर ग्रीकांचे नाते सहारापलीकडच्या आफ्रिकेशी. आधार कशाचा? रोगप्रतिकाराशी संबंधित एका जनुकाचा. लुइजी कॅव्हाली-स्फोर्झा यांच्यासारख्या तीन नामवंत आनुवंशशास्त्रज्ञांनी २००२ साली दाखवून दिले की एकाच जनुकावरून असे नाते जोडले तर जपानी माणसेही आफ्रिकेची सख्खी भावंडे ठरतात. तरी तो निबंध एका बाजूचे लोक अजून फडकवतात. ज्याला जे हवे ते त्याला सापडतेच.

खरे म्हणजे नाव, भाषा आणि रक्त या तीन गोष्टी बाल्कनमध्ये तीन वाटांनी चालत आल्या आहेत. बल्गेरियाचे नाव घ्या. ६८० च्या सुमारास आस्पारुख या सरदाराने आणलेल्या बल्गार टोळीचे ते नाव. हे लोक तुर्की वळणाची भाषा बोलत. पुढे नाव त्यांचे राहिले, भाषा स्लावांची झाली आणि रक्तात जुने थ्रेशियन, अनातोलियाकडचे, स्लाव असे सगळेच आले. बोस्नियाचे तर विचारूच नका. तेथे कॅथलिक म्हणजे क्रोएट, ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती म्हणजे सर्ब, मुसलमान म्हणजे बोस्नियाक. २००५ साली या तिन्ही समाजांतल्या पुरुषांच्या पितृरेषा तपासल्या, तेव्हा तिघांचा फार मोठा साठा एकच निघाला. तुर्कांच्या राज्यात काहींनी धर्म बदलला, एवढेच. म्लादिच ज्यांना तुर्क म्हणत होते ते त्यांचेच भाऊबंद होते. पण आम्ही असेही विचारतो, की ते खरोखर तुर्कांचे वंशज असते, तर त्यांना मारणे चालले असते काय?

आणि आता ज्यांच्यासाठी हा लेख लिहायला घेतला त्यांच्याकडे वळतो. बाल्कनच्या या भांडणात सर्ब, ग्रीक, अल्बेनियन सगळे आपापले राजे घेऊन उभे राहतात. कोणाचेच नाव न घेता एक समाज गावाबाहेर उभा असतो. त्याला जिप्सी म्हणत. तो स्वतःला रोमा म्हणतो. युरोपात आज त्यांची संख्या सुमारे एक कोटी आहे आणि बाल्कनमध्ये ते मध्ययुगापासून आहेत. त्यांचे आकडे ऐका : येख, दुय, त्रिन, श्तार, पांज. पाण्याला पानी, कानाला कान, नाकाला नाख, माणसाला मनुष. सात, आठ, नऊ मात्र एफ्ता, ओख्तो, एन्या, हे ग्रीक. आणि दहा पुन्हा 'देश', आपल्या 'दश'चा भाऊ. नुसत्या मोजणीत प्रवासाचा नकाशा आहे. भाषेवरून हे लोक भारतातून गेले, हे जर्मन विद्वानांनी १७८० च्या दशकातच ओळखले होते. २०१२ साली जनुकांवरून तेच सिद्ध झाले : उत्तर व वायव्य भारतातून सुमारे पंधराशे वर्षांपूर्वी निघाले, आणि सुमारे नऊशे वर्षांपूर्वी बाल्कनमधून युरोपभर पसरू लागले.

हे कोण होते, यावरही वाद आहेच. एक कथा अशी की गझनीच्या महमुदाशी लढलेल्या राजपूत योद्ध्यांचे ते वंशज. ही कथा काही रोमा पुढाऱ्यांनाही आवडली. पूर्वज म्हटले की सर्वांना घोड्यावर बसलेलेच हवे असतात. शेण काढणारा, टोपली विणणारा कोणी मागत नाही. पण अनेक भाषातज्ज्ञ 'रोम' हा शब्द 'डोम' या शब्दावरून आला असे मानतात. आणि २०१२ सालच्याच दुसऱ्या एका संशोधनात, ज्यात हैदराबादच्या पेशी व रेण्वीय जीवशास्त्र केंद्राचे शास्त्रज्ञ होते, रोमा पुरुषांची एक प्रमुख पितृरेषा उत्तर भारतातल्या आजच्या अनुसूचित जाती-जमातींच्या रेषेशी सर्वांत जवळची निघाली. तीही एकच रेषा, १,०२४ मधली एक, हे आम्ही वर सांगितलेले येथेही लागू आहे. आपल्याला आवडणाऱ्या निष्कर्षाला वेगळा कायदा लावता येत नाही.

बाबासाहेबांनी या बाबतीत फार कडक शिस्त पाळली होती. १९३६ च्या 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये त्यांनी विचारले की पंजाबचा ब्राह्मण आणि पंजाबचा चर्मकार यांच्यात वंशाचा भेद तो कोणता. १९४८ च्या 'द अनटचेबल्स'मध्ये नाकाच्या मापांची कोष्टके मांडून त्यांनी दाखवले की ब्राह्मण आणि अस्पृश्य हे एकाच वंशाचे ठरतात. ज्या मापांनी दुसऱ्यांनी माणसे वेगळी काढली, तीच मापे घेऊन त्यांनी तो सिद्धांत मोडला. आपल्यासाठी वेगळे, थोर रक्त मागितले नाही.

रोमांच्या नशिबी बाल्कनमध्ये काय आले ते रक्ताने ठरवलेले नव्हते. आजच्या रोमानियाच्या भागात १३८५ सालच्या एका दानपत्रात चाळीस रोमा कुटुंबे एका ख्रिस्ती मठाला दिल्याची नोंद आहे. जमीन, गिरणी, मधमाश्यांची पोळी द्यावीत तशी कुटुंबे! वालाचिया आणि मोल्डेव्हिया या संस्थानांत ही गुलामगिरी १८५५-५६ पर्यंत चालली. म्हणजे पावणेपाचशे वर्षे. एवढ्या काळात त्यांच्यात युरोपचे रक्त पुष्कळ मिसळले, हेही जनुके सांगतात. रक्त मिसळले, वस्ती मात्र गावाबाहेरच राहिली. १९७१ साली लंडनजवळ पहिली जागतिक रोमा परिषद भरली तेव्हा त्यांनी आपला झेंडा ठरवला : वर निळा, खाली हिरवा आणि मधोमध तांबडे चाक. सोळा आऱ्यांचे हे चाक अशोकचक्रावरून सुचलेले आहे.

पण जनुकांच्या शोधालाही या समाजाने किंमत मोजली आहे. हिटलरच्या राज्यात रॉबर्ट रिटर या डॉक्टरने हजारो रोमांची मापे घेतली, वंशावळी लिहिल्या. त्या याद्यांवरून माणसे छळछावण्यांत गेली. ते संपले, तरी त्यांचे रक्त गोळा करणे थांबले नाही. २०२१ साली जर्मनीतल्या संशोधकांच्या एका गटाने रोमांच्या जनुकांवरचे गेल्या शंभर वर्षांतले साडेचारशेहून अधिक निबंध तपासले. ज्यांचे रक्त घेतले त्यांना कशासाठी घेतो हे अनेकदा नीट सांगितलेच नव्हते, नीट संमतीही नव्हती. एकदा दिलेले रक्त एका प्रयोगशाळेतून दुसरीकडे वर्षानुवर्षे फिरत राहिले. कोणी तपासणीला रक्त वा थुंकी मागितली तर कशासाठी, कोण ठेवणार आणि निकाल आम्हाला कळणार का, हे तीन प्रश्न आपणही विचारावेत.

रक्त आनंदाने दिले गेले ते वेगळ्याच कामासाठी, आणि तेही बाल्कनमध्येच. स्रेब्रेनित्साच्या खुन्यांनी गुन्हा लपवण्यासाठी पुरलेली प्रेते यंत्रांनी उकरून दुसरीकडे नेली. त्यामुळे एकाच माणसाची हाडे दोन-दोन, तीन-तीन खड्ड्यांत विखुरली. कपड्यांवरून, खिशातल्या वस्तूंवरून ओळख पटेना. तेव्हा १९९६ साली स्थापन झालेल्या बेपत्ता व्यक्तींसाठीच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने आया, बहिणी, मुले यांच्या बोटातून थेंब थेंब रक्त घेतले आणि ते हाडांशी जुळवायला सुरुवात केली. नोव्हेंबर २००१ मध्ये पहिली ओळख पटली. तो पंधरा वर्षांचा मुलगा होता. त्यानंतर या एका हत्याकांडातल्या जवळजवळ सात हजार जणांची नावे अशी परत मिळाली. हाड सर्बाचे की बोस्नियाकाचे हे त्या यंत्राला कळत नव्हते आणि कोणी विचारतही नव्हते. हे हाड या बाईच्या मुलाचे आहे का, एवढेच विचारले जाई, आणि त्याचे उत्तर जवळजवळ नेहमी खात्रीने मिळे.

ज्या घरांतले सगळेच पुरुष गेले, तेथे जुळवायला रक्त द्यायलाही माणसे पुरली नाहीत. काही आयांना कळवले गेले की मुलाची दोनच हाडे मिळाली आहेत. आताच दफन करायचे की आणखी सापडेपर्यंत थांबायचे, हे त्यांनी ठरवावे. काहींनी दफन केले आणि पुढे आणखी हाडे मिळाली म्हणून कबर पुन्हा उघडावी लागली. गावाजवळ पोटोचारी येथे ही दफनभूमी आहे. दरवर्षी ११ जुलैला, त्या वर्षात ज्यांची ओळख पटली त्यांना तेथे मूठमाती देतात. सुमारे एक हजार माणसे अजून सापडायची आहेत.